ययातीच्या घरातील तीन माणसे

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी दोन कामे ठरलेली असत. एक, थोरल्या आजीने भाजून दिलेली चकलीची भाजणी गिरणीतून दळून आणणे; आणि दुसरे, करवीर नगर वाचन मंदिरातून एक जाडजूड पुस्तक आणून ते सुट्टी संपायच्या आत सगळ्या घराने मिळून संपवणे. पहिले काम आम्हां पोरांना अधिक प्रिय होते हे सांगायला नकोच. पण आज भाजणीचा वास जितका आठवतो, तितकाच त्या वाचन मंदिरातल्या पुस्तकांचा, जुन्या सरसाचा आणि धुळीचा वासही आठवतो. ही संस्था १८५० सालची. आमच्या थोरल्या आजीला तिचा असा अभिमान होता, की जणू तिच्या माहेरच्यांनीच ती काढली असावी.

१९९२ सालच्या दिवाळीत जे पुस्तक घरी आले, ते वि. स. खांडेकरांचे 'ययाति'. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो.

पुढे जाण्यापूर्वी घरातली माणसे सांगितली पाहिजेत. कारण हा लेख एका कादंबरीच्या इतिहासाचा असला, तरी तो इतिहास मला आमच्या मंगळवार पेठेतल्या माजघरातूनच कळला. माझ्या आजोबांना, म्हणजे आबांना, दोन बायका. आबा शाहूपुरीत गुळाच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. पहिले लग्न झाले आणि आठ-नऊ वर्षे पाळणा हलला नाही; म्हणून १९४५ साली घरच्यांनी दुसरे लग्न लावून दिले. माझे वडील धाकटीच्या पोटचे. पण ते थोरलीला 'आई' म्हणत आणि जन्मदात्रीला 'वहिनी'. घरात येणारे-जाणारे तिला वहिनी म्हणायचे, तेच त्यांच्या तोंडी बसले. आबा गेल्यावरही दोघी त्याच घरात राहिल्या. चुली मात्र दोन होत्या. एका चुलीवरचा रस्सा दुसऱ्या ताटात जाई, पण तो पोरांच्या हातून. आजीआजींच्या हातून कधी गेल्याचे मला आठवत नाही.

मी स्वतः चाळिशी ओलांडलेला, चित्रकलेचा शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपुरते (हा शब्द परीक्षेच्या कागदावरून कधीच गेला, आमच्या पेठेत अजून चालतो) आणि त्यावर चित्रशिक्षकाची पदविका. तीन कादंबऱ्या लिहिल्या आहेत, तिन्ही संसारावर. तेव्हा वाचकांनी येथे पंडिताची अपेक्षा ठेवू नये. पोरांना उंदीर आणि गणपती काढायला शिकवणाऱ्या माणसाला जितका इतिहास दिसतो तितकाच येथे आहे.

ययातीची मूळ कथा महाभारताच्या आदिपर्वातली. ती सर्वांना ठाऊक असते असे आपण समजतो. विचारून पाहिले तर बहुतेकांना तिचा शेवट तेवढा ठाऊक असतो. शापाने म्हातारा झालेला राजा मुलाचे तारुण्य मागून घेतो, हजार वर्षे भोग भोगतो आणि शेवटी म्हणतो की उपभोगाने तृप्ती होत नाही. आमच्या शाळेच्या फळ्यावर हा विचार दरसाल एकदा तरी सुविचार म्हणून लिहिला जातो. लिहिणारा विद्यार्थी आठवीतला असतो. त्याला कशाचा उपभोग आणि कसली तृप्ती! पण फळ्यावर अक्षर चांगले आले की आम्ही गुरुजन समाधानी.

ही कथा वासनेची म्हणून सांगितली जाते. मला ती एका लग्नाची कथा वाटते. तेही असे लग्न, की जे मनापासून कुणीच ठरवले नव्हते.

पाहा. दैत्यांचे गुरू शुक्राचार्य. त्यांची लाडकी मुलगी देवयानी. तिचे मन जडले ते देवांकडून संजीवनी विद्या शिकायला आलेल्या कचावर. दैत्यांनी कचाला पुन्हा पुन्हा मारले. शेवटी तर त्याची राख मद्यात कालवून शुक्राचार्यांनाच पाजली. प्रत्येक वेळी देवयानीने रडून वडिलांकडून त्याला जिवंत करून घेतले. विद्या मिळाल्यावर मात्र कच म्हणाला, गुरूच्या पोटातून मी बाहेर आलो, तेव्हा तू माझी बहीण झालीस. तिने शाप दिला की तुझी विद्या तुला फळणार नाही. त्याने शाप दिला की कोणी ऋषिपुत्र तुझे पाणिग्रहण करणार नाही. एक विवाह मोडला आणि दुसरा कसा होणार हे तिथेच ठरून गेले. हे पहिले.

मग ती प्रसिद्ध जलक्रीडा. वाऱ्याने काठावरची वस्त्रे एकत्र झाली, राजकन्या शर्मिष्ठेने चुकून देवयानीचे वस्त्र नेसले आणि त्यावरून भांडण पेटले. शर्मिष्ठा म्हणाली, तुझा बाप माझ्या बापापुढे हात पसरणारा, त्याची स्तुती गाणारा. आणि तिने देवयानीला विहिरीत ढकलले. शिकारीला आलेला तहानलेला ययाति पाणी पाहायला त्या विहिरीत डोकावला, आणि उजवा हात धरून त्याने तिला वर काढले. काढले आणि गेला आपल्या वाटेने. पुढे पुन्हा गाठ पडली तेव्हा देवयानी म्हणाली, तुम्ही माझा हात धरला आहे. आता दुसऱ्या कुणी तो धरायचा नाही. बुडणाऱ्याला हात देणे हेच पाणिग्रहण झाले! राजा घाबरला. ब्राह्मणाची मुलगी, आणि आपण क्षत्रिय. पण शुक्राचार्यांनी या उलट्या विवाहाचा दोष आपण घेतो असे सांगितले आणि लग्न झाले. अपमानाची भरपाई म्हणून शर्मिष्ठा हजार दासींसह देवयानीची दासी झाली. निघताना सासऱ्याने जावयाला बजावले की हिला मानाने ठेव, पण शय्येवर बोलावू नकोस.

असे बजावणे म्हणजे पुढच्या घटनेचे आमंत्रणच. शर्मिष्ठेला ययातीपासून तीन मुलगे झाले. देवयानीला दोन. एके दिवशी देवयानीने त्या तिघांना विचारले, बाळांनो, तुमचे वडील कोण? मुलांनी बोटे राजाकडे दाखवली. महाभारतात संसार मोडण्याचे असे प्रसंग पुष्कळ आहेत, पण लहान मुलांच्या बोटांनी मोडलेला संसार हाच.

पुढे शाप, उःशाप आणि मुलांकडे तारुण्याची याचना. चार मुलांनी नकार दिले, आणि त्यांची कारणे इतकी घरगुती आहेत की वाचताना हसू येते. एक म्हणतो, दाढी पांढरी होते आणि खाण्यापिण्यात अर्थ राहत नाही. दुसरा म्हणतो, म्हाताऱ्याला हत्तीवर चढता येत नाही, घोड्यावर बसता येत नाही, बोलणे अडखळते. तिसरा म्हणतो, म्हातारा पोरासारखा अवेळी खातो आणि लाळ गाळतो. शर्मिष्ठेचा धाकटा पुरू मात्र हो म्हणाला. हे नकार मी वाचून दाखवले तेव्हा थोरली आजी म्हणाली होती, "खरं बोलली की पोरं. त्यात शाप कसला द्यायचा?"

मूळ कथेत एक गोष्ट मला फार टोचते. लग्न होईपर्यंत देवयानी सतत बोलत असते. रडते, भांडते, मागते, शाप देते, बापाला आपल्या तालावर नाचवते. लग्नानंतर ती बोलते ती जवळजवळ एकदाच, वडिलांकडे गाऱ्हाणे घेऊन जाते तेव्हा. मधली सगळी वर्षे ती गप्प. घरात काय चालले होते, कोण कुणाशी बोलत होते, जेवताना राजा काय म्हणत असे, याचा पत्ता नाही.

मराठी रंगभूमीने ही कथा आधीच उचलली होती. खाडिलकरांचे 'विद्याहरण' १९१३ सालचे. पण त्यांचा रोख मद्यपानावर आणि कच-देवयानीवर. देवयानी सासरी गेली की नाटककाराचे काम संपते. लग्नाच्या पुढची हकीकत सांगायला एक कोल्हापूरवासी शाळामास्तर यावा लागला.

खांडेकर मूळचे सांगलीचे, १८९८ सालचे. कॉलेजात गेले, पण पदवी पुरी झाली नाही. १९२० साली कोकणात शिरोड्याच्या शाळेत मास्तर म्हणून गेले आणि अठरा वर्षे तेथे राहिले. या गोष्टीचा आम्हां मॅट्रिकवाल्यांना केवढा आधार आहे, ते पदवीधरांना कळायचे नाही! मास्टर विनायकांच्या 'छाया' (१९३६) या चित्रपटाची कथा त्यांची; त्या चित्रपटांच्या निमित्ताने ते १९३८ साली कोल्हापूरला आले आणि कोल्हापूरचेच झाले. राजारामपुरीत त्यांचे घर. राजाराम कॉलेजात ना. सी. फडके प्राध्यापक, आणि 'कला कलेसाठी की जीवनासाठी' हा दोघांचा वाद सगळ्या महाराष्ट्रात गाजलेला. एका गावात दोन्ही पक्षांचे सेनापती राहत असल्यामुळे त्या काळी इथल्या चहाच्या दुकानांतही या विषयावर कपबशा वाजत, असे माझे आबा सांगत. आबांनी दोघांपैकी कुणाचेही पुस्तक वाचले नव्हते, हा भाग वेगळा.

'उल्का', 'दोन ध्रुव', 'क्रौंचवध' अशा सामाजिक कादंबऱ्या लिहिणाऱ्या खांडेकरांची लेखणी १९४२ नंतर कादंबरीच्या बाबतीत दशकभराहून अधिक काळ थांबली. मग 'अश्रू' आली आणि १९५९ साली 'ययाति'. ध्येयवादी तरुण, खादी, झोपडपट्टी आणि त्याग यांच्या कथा सांगणारा हा लेखक एकदम हस्तिनापुरात का गेला, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला असावा. मला वाटते, तो हस्तिनापुरात गेलाच नाही. तो आपल्या शेजारच्या घरांत गेला.

या ठिकाणी थोडा कायद्याचा इतिहास सांगितला पाहिजे. कंटाळा करू नये. हा माझ्या घराचाही इतिहास आहे. आमच्या करवीर संस्थानात शाहू छत्रपतींनी १९१७ साली विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याने मान्यता दिली आणि १९१९ साली घटस्फोटासाठीही कायदा केला. त्या काळाच्या मानाने ही केवढी झेप! मुंबई इलाख्यात हिंदूंना दुसरी बायको करण्याची बंदी झाली ती १९४६ साली, आणि घटस्फोटाचा कायदा झाला तो १९४७ साली. आमचे संस्थान १९४९ च्या मार्चमध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. १९५५ साली हिंदू विवाह कायदा आला आणि सगळ्या देशातल्या हिंदूंना एकपत्नीत्व बंधनकारक झाले. म्हणजे आबांचे दुसरे लग्न अगदी काठावर झाले. गुन्हा नव्हता. पण पुढे भिंतीवरचे कायदे बदलले आणि घरातली माणसे तीच राहिली. माझ्या आठवणीतल्या आमच्या शिधापत्रिकेवर धाकट्या आजीचे नाव होते. नात्याच्या रकान्यात मात्र कुणीतरी 'बहीण' असे लिहिले होते. कुणी लिहिले, कुणाच्या सांगण्यावरून, ते घरात कधी बोलले गेले नाही.

तेव्हा १९५९ साली 'ययाति' उघडणारा मराठी वाचक काही अद्भुत वाचत नव्हता. एका छपराखाली दोन बायका, एक मानाची आणि एक नावाविनाची, असे घर त्याच्या आळीत होते. कदाचित तो त्याच घरात वाढला होता. कायद्याने त्या घराचे दार पुढच्या पिढीसाठी बंद झाले होते. आत राहिलेल्यांचे काय, हे कायद्यात लिहिलेले नव्हते. शाप, संजीवनी, तारुण्याची अदलाबदल ही सगळी अद्भुताची सामग्री खांडेकरांनी ठेवली. पण ती त्यांनी फार उशिरा वापरली. शेकडो पाने आधी एक संसार मंद आचेवर नुसता आटत राहतो. जळाल्याचा वास येतो तेव्हा पातेले हाताशी उरलेले नसते.

पहिल्याच रात्री मद्याच्या वासावरून नवरा-बायकोचे बिनसते. आधीच्या कथेशी हे जोडून पाहा: ज्या मद्यातून कचाची राख बापाच्या पोटात गेली, तो वास त्या मुलीला कसा सहन व्हावा? आणि राजाला ते कसे कळावे? तो आपल्या घरून वेगळेच दुःख घेऊन आलेला. नहुषाची मुले कधी सुखी होणार नाहीत, हा शाप लहानपणापासून उशाशी. दोघेही आपापल्या बापाचे ओझे घेऊन त्या खोलीत शिरतात. तेथून पुढे एकमेकांना समजून घेण्याची एकेक संधी कशी निसटते, ते खांडेकर सावकाश सांगत जातात. कोणी दुष्ट नाही. देवयानीला प्रेमापेक्षा सत्ता प्यारी झाली असेल. पण जिला प्रेम एकदा नाकारले गेले आणि जिने विहिरीतून बाहेर येताच हात घट्ट धरून ठेवला, तिला दुसरे काय शिकवले होते?

खांडेकरांचा भाबडा उपदेश, अलंकारांची दाटी, कचाच्या तोंडची लांबलचक पत्रे, यांवर टीका झाली, आणि तीत तथ्य आहे. मलाही कचाची पाने उलटावीशी वाटतात. इतका शहाणा पुरुष संसारात न पडता दुसऱ्यांच्या संसारावर बोलतो, तेव्हा माझ्यातला संसारी माणूस चिडतो. पण एक गोष्ट खांडेकरांनी अशी केली की तिच्यासाठी बाकी सगळे माफ. त्यांनी कथा सांगण्याचे काम तिघांना वाटून दिले. एक प्रकरण ययातीचे, एक देवयानीचे, एक शर्मिष्ठेचे, प्रत्येकाचे 'मी'. व्यासांनी लग्नानंतर गप्प केलेली देवयानी येथे स्वतःच्या तोंडाने बोलते, आणि दासीही बोलते.

असे प्रयोग मराठीत अगदीच नवे नव्हते. वामन मल्हार जोशी यांची 'इंदू काळे व सरला भोळे' (१९३४) ही सबंध कादंबरी पत्रांची. जो तो आपल्या पत्रातून बोलतो. आणि हे वामनरावही एकेकाळी कोल्हापूरचेच. येथल्या 'विश्ववृत्त' मासिकाचे संपादक असताना त्यांना एका लेखापायी तुरुंगवास घडला होता. 'ययाति'नंतर आठ वर्षांनी, १९६७ साली, आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आली. तेही कोल्हापुरात शाळेत शिकवत. तीत कर्ण बोलतो, कुंती बोलते, वृषाली बोलते, दुर्योधन बोलतो. हे सगळे एकाच गावाभोवती का घडावे, याचे उत्तर मी शोधत बसत नाही. पंचगंगेच्या पाण्याला श्रेय देण्याची आम्हां कोल्हापूरकरांना सवय आहेच.

ययातीचा संसार पुढे इतरांनीही हाती घेतला. गिरीश कर्नाडांचे कन्नड 'ययाति' १९६१ सालचे; त्यात पुरूची नवपरिणीत पत्नी चित्रलेखा येते, आणि एका रात्रीत म्हाताऱ्या झालेल्या नवऱ्याला पाहून विष घेते. शिरवाडकरांचे 'ययाति आणि देवयानी' १९६६ चे. अभिषेकीबुवांच्या संगीतामुळे ते घरोघरी पोचले. खांडेकरांच्या कादंबरीला १९६० चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९७४ चा ज्ञानपीठ. मराठीला मिळालेला तो पहिला. तोवर त्यांची दृष्टी गेली होती. १९७६ साली ते वारले. आज शिवाजी विद्यापीठात त्यांचे स्मृतिसंग्रहालय आहे. आमच्या शाळेची सहल मी दोनदा तेथे नेली. पोरांनी चश्मा पाहिला आणि डबे केव्हा उघडायचे ते विचारले.

आता माजघराकडे परत येतो.

त्या दिवाळीत वाचन रात्री जेवणे झाल्यावर चाले. थोरली आजी चौथीपर्यंत शिकलेली. तिचे वाचन ठसक्याचे, कीर्तनकारासारखे. धाकटीला अक्षरओळख नव्हती. ती दाराच्या उंबऱ्याशी बसे, शेंगा फोडीत नाही तर वाती वळीत. थोरलीने ययातीचे पहिले प्रकरण वाचले, देवयानीचे वाचले. देवयानीचे वाचताना तिचा आवाज चढे. मध्येच थांबून ती म्हणे, "बरोबर बोलली." आणि मग शर्मिष्ठेचे प्रकरण आले. थोरलीने मथळा पाहिला, चश्मा काढला, डोळे चोळले आणि पुस्तक माझ्या पुढ्यात सरकवले.

"डोळं दुखत्यात आज. तू वाच. मी जरा पडते."

मी वाचले. राजवाड्यातून बाळाला उराशी धरून रात्री-अपरात्री पळणारी ती बाई. मला तेव्हा गोष्ट तेवढी कळत होती. पण उंबऱ्यावरच्या वाती वळणे थांबल्याचे माझ्या लक्षात आले. मी थांबलो.

"थांबलास का?" धाकटी म्हणाली. "वाच की."

दुसऱ्या दिवशी पुन्हा ययाति आला. थोरलीचे डोळे बरे झाले. पुन्हा शर्मिष्ठा आली. पुन्हा डोळे दुखले. असे दोन-तीनदा झाले तेव्हा बारा वर्षांच्या पोरालाही काही उमगावे. असे करत आम्ही शेवटापर्यंत आलो. वाचकांना आठवत असेल, मूळ कथेतली हजार वर्षे खांडेकरांनी गाळून टाकली आहेत. पुरूचे तारुण्य घेतल्यावर ययातीला ते काही क्षणांतच नकोसे होते. देवयानीचा गर्वही उतरतो, कच पुरूला वाचवतो, आणि शेवटी ययाति दोघींना बरोबर घेऊन वनात जायला निघतो. शेवटचे पान थोरलीनेच वाचले. पुस्तक मिटून ती काही वेळ गप्प बसली.

मग म्हणाली, "तिघं कशाला गेली वनात? दोघींनीच जायचं."

उंबऱ्यावरून धाकटी हसली. मोठ्याने नव्हे, पण हसली. त्या दोघींना एकाच गोष्टीवर हसताना मी त्यापूर्वी पाहिले नव्हते.

माझी बायको माझ्या कादंबऱ्यांची पहिली वाचक. तिसरी वाचून झाल्यावर ती म्हणाली, "अहो, तुमच्या तिन्ही पुस्तकांत बायको बोलते ती नवऱ्यानं विचारलं तरच." मी वाद घातला. जेवण झाल्यावर हिशेब केला, तर खरेच होते. त्यानंतर एक नवे लिखाण सुरू केले: आबा, थोरली आणि धाकटी, तिघांची तीन 'मी'. आबांचे झाले. धाकटीचे झाले, तिची हकीकत मला ठाऊक आहे असे वाटते, निदान शर्मिष्ठेची पाने वाचताना मी तिच्याकडे पाहिले तरी होते. थोरलीचे मात्र पहिल्या ओळीपुढे जात नाही. ती दर रात्री मोठ्याने वाचत होती, आणि तिच्याविषयीच मला सर्वांत कमी ठाऊक आहे. नऊ वर्षे मूल झाले नाही म्हणून घरात दुसरी आणली, त्या दिवशी तिने काय केले? स्वयंपाक कुणी केला? नव्या नवरीला हळदीचे पाणी कुणी घातले? वडिलांना विचारले तर ते म्हणाले, "आईला असलं कोण विचारणार?" आता विचारायला ती नाही. धाकटीही नाही.

त्या दिवाळीची एवढी एक गोष्ट मात्र माझ्यापाशी आहे. पुस्तक परत करायची तारीख टळून गेली होती. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी ते पिशवीत घातले, तेव्हा थोरली आजी म्हणाली, "परत दिऊन पुन्यांदा आपल्याच नावावर घिऊन ये."

"वाचलं की सगळं," मी म्हणालो.

"माझी मधली पानं ऱ्हायल्यात."

दंडाचे पैसे द्यायला ती कनवटीला हात घालते न घालते तोच उंबऱ्याकडून धाकटीने हात पुढे केला. "हे घे. मी दिते." थोरलीने तिच्याकडे पाहिले, पण नको म्हणाली नाही.

संध्याकाळी मी पुस्तक पुन्हा घेऊन आलो. शर्मिष्ठेचे पहिले प्रकरण काढले आणि सुरुवातीपासून वाचू लागलो. थोरली भिंतीला टेकून बसली होती, चश्मा कपाळावर. शेंगांचे सूप दोघींच्या मध्ये होते. बाई बाळाला घेऊन पळते त्या जागी आल्यावर मी सवयीने थांबलो आणि उंबऱ्याकडे पाहिले.

"तिकडं काय बघतोस?" थोरली म्हणाली. "वाच पुढं."